पुरेसे ज्ञान : नागरिकत्वाची भाषा आणि बुलढाणा जिल्हा

परदेशी माणसाला नागरिक करून घेताना त्याला आपली भाषा कितपत यावी आणि आपल्या देशाविषयी काय माहीत असावे, हा प्रश्न बहुतेक श्रीमंत देशांनी परीक्षा घेऊन सोडवला आहे. भारताने तो १९५५ साली एका ओळीत सोडवला आणि त्या ओळीचा अर्थ लावण्याचे काम अधिकाऱ्यांवर सोपवले. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या तिसऱ्या अनुसूचीत देशीयकरणाच्या, म्हणजे परदेशी व्यक्तीने दीर्घ वास्तव्यानंतर अर्ज करून नागरिकत्व मिळवण्याच्या, अटी दिल्या आहेत. अर्जदाराचे चारित्र्य चांगले असावे, त्याने ठरावीक वर्षे भारतात काढलेली असावीत, पुढेही येथेच राहण्याचा त्याचा इरादा असावा, आणि त्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नमूद केलेल्या एखाद्या भाषेचे ‘पुरेसे ज्ञान’ असावे. या यादीत इतिहास नाही, राज्यघटनेची माहिती नाही, राष्ट्रगीत नाही. इंग्रजीही नाही, कारण ती आठव्या अनुसूचीत नाही; त्यामुळे केवळ इंग्रजी जाणणारा ऑक्सफर्डचा पदवीधर या एका कलमापुरता नापास ठरतो आणि मोडकीतोडकी मराठी बोलणारा फेरीवाला पास होतो, ही गोष्ट इंग्रजीला प्रतिष्ठेची भाषा मानणाऱ्या देशात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

‘पुरेसे’ म्हणजे किती, हे मूळ अधिनियमात कोठेही सांगितलेले नाही. देशीयकरणाच्या अर्जासोबत भाषा येत असल्याचे दाखले आणि चारित्र्याबद्दल भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात, म्हणजे परीक्षकाची जागा शेजाऱ्यापाजाऱ्यांना व ओळखीच्यांना दिलेली आहे. ११ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने नागरिकत्व (सुधारणा) नियम जाहीर केले, तेव्हा ही अट आणखी सैल झाली. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांसाठी हे नियम आहेत, आणि त्यांत भाषेबद्दल अर्जदाराने स्वतःच घोषणा करणे पुरेसे मानले आहे. त्या भाषेत जो बोलू शकतो किंवा वाचू शकतो किंवा लिहू शकतो त्याला ती पुरेशी येते, असे समजावे, एवढाच या नियमातील निकष आहे. यातला कळीचा शब्द ‘किंवा’ हा आहे. तेथे ‘आणि’ असता तर निरक्षर अर्जदाराला दार बंद झाले असते. ‘किंवा’मुळे ज्याला अक्षर ओळखता येत नाही पण बाजारात भाव करता येतो, त्यालाही भारताची भाषा येते असे कायदा मान्य करतो.

नागरिकत्व मिळवण्याचा दुसरा मार्ग नोंदणीचा आहे. मूळच्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना आणि भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्यांना सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीसाठी अर्ज करता येतो, आणि या मार्गावर भाषेची अटच नाही. भाषेची अट ज्यांच्यासाठी आहे असे अर्जदार म्हणूनच संख्येने थोडे, पण त्यांच्या निमित्ताने कायद्याने भाषेकडे कसे पाहिले हे जिल्ह्याच्या पातळीवर तपासता येते, आणि त्यासाठी बुलढाण्याइतका सोयीचा जिल्हा विदर्भात दुसरा क्वचितच सापडेल.

या जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत वऱ्हाडी मराठीखेरीज उर्दू, बंजारा तांड्यांवरची गोरमाटी, सातपुड्याच्या पायथ्याची कोरकू व निहाली, आणि फाळणीनंतर आलेली सिंधी अशा भाषा नांदतात. विदर्भात अकोला, खामगाव, मलकापूर यांसारख्या बाजारपेठांच्या गावी सिंधी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्या पहिल्या पिढीच्या नागरिकत्वाचा प्रश्न राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने सोडवला होता. पाकिस्तानात गेलेल्या भूभागातून १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेली व्यक्ती आपोआप नागरिक ठरली, त्या तारखेनंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली, आणि दोन्ही बाबतींत भाषेचा प्रश्न विचारला गेला नाही. तो विचारला गेला असता तर एक विचित्र अडचण उभी राहिली असती. १९५० च्या आठव्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या आणि सिंधी त्यांत नव्हती, कारण अनुसूचीतील बहुतेक भाषांमागे एखादा प्रांत उभा होता आणि सिंधीचा प्रांत सीमेपलीकडे गेला होता. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधी त्या यादीत आली. म्हणजे १९५५ ते १९६७ या बारा वर्षांत फक्त सिंधी जाणणारी एखादी व्यक्ती देशीयकरणाच्या मार्गाने आली असती तर तिच्या मातृभाषेने तिला तारले नसते, आणि १९६७ नंतर त्याच व्यक्तीच्या तोंडातली तीच भाषा ‘पुरेशी’ ठरली असती. माणूस तोच, भाषा तीच, बदलली ती फक्त यादी.

सिंधी कुटुंबे येण्याच्या किती तरी आधीपासून या जिल्ह्याला आपण नेमके कोणाचे, या प्रश्नाची सवय होती, ही बाब सहसा विसरली जाते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभारात दिला आणि १९०२ च्या कराराने तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्यावर दिला गेला. कारभार ब्रिटिशांचा, पण सार्वभौमत्व निजामाचे, अशी ती व्यवस्था होती. बुलढाणा, मेहकर वा चिखलीचा रहिवासी ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे सारा भरत असला तरी कायद्याच्या काटेकोर भाषेत तो हैदराबादच्या राजाची प्रजा होता, आणि १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देऊन ही औपचारिकता पुन्हा एकदा जपण्यात आली. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या रांगेपर्यंतच्या शेतकऱ्याला या गुंतागुंतीने फारसा त्रास झाला नसावा. पण प्रजा आणि नागरिक हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, हे समजून घेण्यासाठी वऱ्हाडाचे उदाहरण पाठ्यपुस्तकात असायला हवे होते.

आज नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन भरला जातो, आणि अधिनियमाच्या सर्वसाधारण मार्गाने तो जिल्हाधिकाऱ्यांकडून चौकशी होऊन राज्य शासनामार्फत केंद्राकडे जातो. २०१६ साली काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याक अर्जदारांना थेट नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रातून नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे यांची निवड झाली आणि बुलढाणा त्या यादीबाहेर राहिला. येथील अर्जदाराची खरी कसोटी त्याच्या कागदांची असते: मुदत संपलेला पासपोर्ट, जुना व्हिसा, वास्तव्याचे पुरावे, जन्माचा दाखला. भाषा या साऱ्यात शेवटच्या रांगेत बसते. गंमत अशी, की या टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांपैकी ज्याची भाषा खरोखर तपासली गेलेली असते, तो अर्जदार नसून अधिकारी असतो. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याला ज्या राज्याचा संवर्ग मिळतो त्या राज्याची भाषा मसुरीच्या प्रशिक्षणात शिकून तिची परीक्षा द्यावी लागते, आणि महाराष्ट्र शासनाच्या ज्या कर्मचाऱ्यांनी शाळेत मराठी घेतलेली नसते त्यांच्यासाठी भाषा संचालनालय निम्नस्तर व उच्चस्तर अशा मराठी परीक्षा घेते. त्या उत्तीर्ण न होणाऱ्याला नोकरीत त्याची झळ बसते. राज्यकर्त्याची भाषा तपासायची आणि नागरिक होऊ पाहणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा क्रम कोणी ठरवून आखला असेल असे वाटत नाही, तरी तो योग्य आहे. शासन जनतेच्या भाषेत चालायचे असेल, तर परीक्षा शासनाने द्यायची असते.

उलट्या दिशेचे प्रयोग महाराष्ट्राने केले नाहीत असे नाही. २०१६ साली रिक्षाचे परवाने देताना उमेदवाराला मराठी येते की नाही हे तपासण्याचा आदेश राज्य शासनाने काढला आणि पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेले असल्याने झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दूला परकी भाषा मानण्यास नकार देत तो फलक कायम ठेवला. उर्दू आठव्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे; म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जात जी भाषा भारतीयत्वाचा पुरावा म्हणून चालते, ती नगरपरिषदेच्या भिंतीवर चालावी म्हणून दिल्लीपर्यंत जावे लागले.

मराठी येते असे म्हटल्यावर कोणती मराठी, हा प्रश्न बुलढाण्यात टाळता येत नाही. येथला शेतकरी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतो, ‘का’ऐवजी ‘काऊन’ विचारतो, आणि चालू असलेली क्रिया ‘जाऊन राह्यलो’, ‘करून राह्यलो’ अशा रूपांत सांगतो. पुण्याच्या व्याकरणाची फूटपट्टी घेऊन बसलेला परीक्षक असता, तर मोताळ्याच्या कापूसउत्पादकाला स्वतःच्या राज्याच्या भाषेत काठावर पास व्हावे लागले असते. कायद्याने प्रमाण मराठी असे म्हटलेले नाही, मराठी एवढेच म्हटले आहे, आणि हा मोकळेपणा भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. या बाबतीत सातारा जिल्ह्यातील फलटणचे उदाहरण बोलके आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील वैविध्य हाच आपल्या पीएच.डी.चा विषय केला, जाई निंबकर यांच्यासह मराठीचे संदर्भ व्याकरण लिहिले, मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामात आयुष्य घातले आणि १९७८ साली भारतीय नागरिकत्व घेतले. कासेगावला स्थायिक झालेल्या गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक चळवळीवर संशोधन करून १९८३ साली ते स्वीकारले. या दोघींच्या मराठीचा दाखला कोणी मागितला असेल, तर दाखला देणाऱ्यालाच थोडा संकोच वाटला असेल.

अन्य देशांत भाषेची परीक्षा जन्मली ती मात्र शिकवण्यासाठी नव्हे, दार लावून घेण्यासाठी. १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने कायदा केला, की येणाऱ्या माणसाने युरोपीय भाषेत अर्ज भरून दाखवावा. कायद्यात वर्ण किंवा वंश असा शब्द नव्हता, पण रोख भारतीयांवर होता, आणि त्या काळी तेथे असलेल्या गांधींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी त्याला विरोध केला. लंडनमधील वसाहतमंत्र्याने त्याच वर्षी हीच पद्धत इतर वसाहतींपुढे नमुना म्हणून ठेवली. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तिला पूर्णत्वाला नेले. श्रुतलेखन परीक्षेत अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवी आणि आलेल्याने तो लिहून घ्यायचा. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवी. नको असलेला माणूस इंग्रजीत निष्णात निघाला तर उतारा दुसऱ्या भाषेत घेतला जाई. १९०९ नंतर ही परीक्षा एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही, कारण ती उत्तीर्ण होण्यासाठी नव्हतीच. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी युरोपीय पत्रकाराची परीक्षा स्कॉटिश गेलिक भाषेत घेण्याची वेळ अधिकाऱ्यांवर आली, आणि तेथील उच्च न्यायालयाने ती भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नाही असे ठरवून सरकारची फजिती केली. ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली. अमेरिकेने १९१७ साली आणलेली साक्षरतेची अट त्या मानाने सौम्य होती, कारण तीस-चाळीस शब्दांचा मजकूर कोणत्याही भाषेत वाचला तरी चाले. पण त्याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशास बंद केला, तेव्हा भारतीयाला वाचता येते की नाही हा प्रश्नच उरला नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून देशीयकरणास पात्र नाहीत, असा निवाडा दिला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः अमेरिकन नागरिक झालेले होते. त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा प्रयत्न झाला आणि ते स्वतःचा खटला लढून जिंकले. भारतीयांना देशीयकरणाचा मार्ग अमेरिकेने १९४६ साली मोकळा केला.

आजच्या परीक्षांचा हेतू तसा नाही, पण त्यांची रचना ज्याला शाळा लाभली त्याच्याच सोयीची आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘लाइफ इन द यूके’ ही २४ प्रश्नांची परीक्षा आहे व १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. जर्मनीत २००८ पासून ३३ पैकी १७. ऑस्ट्रेलियात २० प्रश्न, आणि त्यांतील मूल्यांविषयीचे पाचही प्रश्न अचूक सोडवावे लागतात. अमेरिकेत इंग्रजीचे एक वाक्य वाचून व एक लिहून दाखवावे लागते आणि इतिहास व शासनव्यवस्थेवर तोंडी प्रश्न असतात; आधी शंभर प्रश्नांच्या संचातून दहापर्यंत विचारून सहा बरोबर लागत, २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या संचातून वीसपर्यंत विचारून बारा लागतात. पुण्यात अभियांत्रिकी शिकून गेलेल्या खामगावच्या मुलाला यात काहीच अवघड नाही. प्रश्न त्याच्या आईवडिलांचा आहे. बासष्टाव्या वर्षी मुलाकडे ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, गेलेल्या आईला पाच वर्षांनी, सदुसष्टाव्या वर्षी, अर्ज करता येतो, पण तेव्हा तिला इंग्रजी वाचून-लिहून दाखवावे लागते. इंग्रजीची सूट हवी असेल, तर पंचावन्नच्या पुढे वय आणि पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते, म्हणजे तिला सत्त्याहत्तरीची वाट पाहावी लागते. तेव्हा ती दुभाष्यामार्फत मराठीत उत्तरे देऊ शकते. आयुष्यभर शेतीचे हिशेब तोंडी केलेली बाई उतारवयात सिनेटरांची संख्या पाठ करते, आणि तिच्या नातवाला, जो तेथे जन्माला आल्यामुळे नागरिक आहे, ती संख्या कोणीही विचारत नाही. नागरिकत्वाच्या प्रत्येक परीक्षेतला हा अंगभूत अन्याय आहे: ती फक्त बाहेरून आलेल्याची घेतली जाते.

जन्मजात नागरिकाची परीक्षा घ्यायची नाही, हे भारताने जाणीवपूर्वक ठरवले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने तो प्रत्येक प्रौढाला दिला, आणि तोही अशा वेळी, की १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८.३३ टक्के होती. मतपेट्यांवर चिन्हे आली ती त्यामुळे. ज्या देशाने आपल्या निरक्षर बहुसंख्येला मत दिले, त्याने परक्याला लेखी परीक्षेला बसवले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. भाषेची अट म्हणूनच सौम्य आहे, आणि ती सौम्यच राहावी.

त्या अटीतला खरा दोष ‘पुरेसे’ या शब्दात नाही, ‘आठव्या अनुसूचीत नमूद’ या शब्दांत आहे, आणि तो पाहण्यासाठी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जावे लागते. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतील सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबावरा अशा गावांत निहाली बोलली जाते. तिचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. भाषाशास्त्रज्ञ अशा भाषेला एकाकी भाषा म्हणतात. युरोपात बास्क भाषेचे जे स्थान, ते भारतात निहालीचे. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास, त्यांपैकी बहुतेकांना कोरकू, मराठी किंवा हिंदीही येते, आणि शेकडो वर्षांच्या शेजारामुळे निहालीच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग या शेजारणींकडून उसना आलेला आहे. तिची गणतीच पाहावी: एकला बिडुम, हा तिचा स्वतःचा शब्द, दोन, तीन, चारला इरार, मोठो, नालो, ज्यांत द्राविडी भाषांची छाया दिसते, आणि पाचपासून पुढे संख्या आर्यभाषांच्या. एका हाताची बोटे पुरी होण्याआधी भारताच्या भाषांचा हजारो वर्षांचा व्यवहार ऐकू येतो. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भारताच्या जनगणनेच्या प्रकाशित तक्त्यांत मात्र दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषा स्वतंत्रपणे दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे निहाली तेथे सापडत नाही.

निहाली बोलणारे जन्माने भारतीय नागरिक आहेत आणि त्यांना नागरिकत्वासाठी कोणतीही अट लागू होत नाही, म्हणून हा मुद्दा कोणाला काल्पनिक वाटेल. पण तिसऱ्या अनुसूचीतले वाक्य जसे लिहिले आहे, तसे वाचले तर अर्थ असा निघतो, की फक्त भारतातच बोलली जाणारी निहाली एखाद्या परदेशी अभ्यासकाने आत्मसात केली तरी ती त्याला ‘पुरेशी’ नाही, आणि सीमेपलीकडेही करोडो लोक बोलतात ती उर्दू, सिंधी, पंजाबी, नेपाळी किंवा बंगाली पुरेशी आहे. गोरमाटी आणि कोरकूचीही तीच गत. आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी व नेपाळी आणि २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी तिच्यात आल्या, आणि प्रत्येक वेळी त्यामागे संख्येचे व राजकारणाचे बळ होते. दोन-अडीच हजारांच्या भाषेला ते बळ कधीच मिळणार नाही. नागरिकत्वाची अट एवढ्यापुरती तरी त्या यादीच्या राजकारणातून सोडवून ‘भारतात बोलली जाणारी कोणतीही भाषा’ अशी करावी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नागरिकत्व अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील एक शब्दप्रयोग बदलावा लागतो, आणि तो बदल संसदेला साध्या बहुमताने करता येतो.